पॅरिसचा सूर आणि पालिताण्याचा सूर

अहमदपूर तालुक्यात सप्ताह बसत नाही असं गाव शोधून सापडायचं नाही. कुठे हरिनाम सप्ताह, कुठे वीरशैवांचा शिवनाम सप्ताह. टाळ, पखवाज, वीणा यांच्या शेजारी एक पेटी असतेच. इथून लोह्याकडे निघालं की माळेगाव लागतं. मार्गशीर्षात खंडोबाच्या यात्रेत तिथे लावणीचे फड उभे राहतात, तेव्हा ढोलकीच्या आड पेटीमास्तर बसलेले दिसतात. आणखी पुढे नांदेडला सचखंड श्री हजूर साहिबमध्ये शबद कीर्तन चालतं, तिथेही रागी पेटीवरच गातात. तीन परंपरा, तीन ठिकाणं, पण वाद्य एकच. या तिन्ही ठिकाणच्या जाणत्या वाजवणाऱ्यांच्या तोंडी एक शब्द हमखास येतो : ‘पॅरिस रीड’.

भजनी मंडळाला पेटी घ्यायची ठरली की बैठकीत दोन तट पडतात. तरुण म्हणतात, नवी घ्या, तीन लाईनची, स्केल चेंजर. एखादे जुने बुवा म्हणतात, थांबा, कुठे जुनी पॅरिस रीडची मिळते का बघा, नव्या पेटीत तो सूर येणार नाही. दुकानदाराकडे तिसरा पर्याय असतो : बाहेरून जुन्या पेटीसारखी, आत पॅरिसच्या धर्तीवर केलेले नवे सूर. मग ही नवी प्रतिकृती जुन्या अस्सल पेटीची बरोबरी करते का? बुवांचा अनुभव खोटा नाही, पण त्याची कारणं ते सांगतात तिथे नसून बरीचशी दुसरीकडे आहेत.

आधी सूर, ज्याला रीड म्हणतात, तो म्हणजे काय ते पाहू. पेटीची वरची फळी उचलली की पितळेच्या चपट्या पट्ट्यांची ओळ दिसते. प्रत्येक पट्टीत एक लांबट खाच असते आणि तिच्यावर पितळेचीच एक पातळ जीभ एका टोकाला रिबिटानं पक्की केलेली असते. दुसरं टोक मोकळं. भात्यातली हवा खाचेतून जायला लागली की जीभ खाली-वर हलते, दर हेलकाव्याला हवेची वाट उघडते आणि मिटते, आणि हवेच्या त्या तुटक झोतांचा आपल्याला सूर ऐकू येतो. जीभ जितकी लांब तितका सूर खाली. लांबी दुप्पट केली आणि जाडी तशीच ठेवली तर कंपनं चौथाईवर येतात. जाडी सगळीकडे सारखी वाढवली की सूर वर चढतो. सूर जुळवणारे कारागीर याच नियमावर काम करतात. सूर चढवायचा असेल तर जिभेचं मोकळं टोक किंचित खरवडतात, म्हणजे तिथलं वजन कमी होतं. उतरवायचा असेल तर रिबिटाजवळ खरवडतात, म्हणजे जिभेचा ताठपणा कमी होतो. खरवडलेलं पितळ परत येत नाही, हे ध्यानात ठेवू. पुढे ते कामाला येणार आहे.

हे वाद्य मुळात आपलं नाही. अलेक्झांडर दबॅं यानं १८४० साली पॅरिसमध्ये ‘हार्मोनियम’ नावानं त्याचं पेटंट घेतलं. तेव्हा ते टेबलाएवढं, पायानं भाता मारायचं वाद्य होतं, कारण वाजवणारा खुर्चीवर बसे आणि त्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर असत. मिशनरी मंडळींबरोबर ते हिंदुस्थानात आलं. १८८०च्या दशकात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी, म्हणजे ‘द्वारकिन’ या पेढीनं, त्याचे पाय काढले, भाता मागे आणला आणि एका हातानं वाजवायची, मांडी घालून बसणाऱ्याची पेटी केली. इकडे १८८० सालीच पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं होतं. संगीत नाटकाची साथ पुढच्या काळात सारंगीकडून पायपेटी आणि ऑर्गनकडे वळत गेली. गोविंदराव टेंबे पेटीचे थोर वादक आणि १९१३ मध्ये निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांपैकी एक. नाटक कंपन्या गावोगाव फिरल्या आणि त्यांच्यामागून पेटी फिरली. कीर्तनकारांनी घेतली, भजनी मंडळांनी घेतली, संगीतबारीनं घेतली.

त्या काळातल्या चांगल्या पेट्यांचं लाकडी अंग इथलं असे आणि सूर परदेशातून येत, पॅरिसहून किंवा जर्मनीतून. पॅरिसच्या कास्रिएल या कारखान्याच्या पूर्ण पेट्याही येत, त्यांचं नाव महाराष्ट्रातल्या वादकांत अजून आदरानं घेतलं जातं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन मालाची वाट बंद झाली, स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, आणि दरम्यान युरोपातच हे वाद्य मागे पडत गेलं. ज्यांनी ते सूर केले ते कारखाने मिटले. मागणी इथे होती आणि ती वाढत होती. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातलं पालिताणा जैनांचं मोठं तीर्थक्षेत्र, शत्रुंजयाच्या पायथ्याचं. तिथे पेटीचे सूर हातानं करण्याचा धंदा रुजला. पुण्या-मुंबईत किंवा लातूरच्या दुकानात आज नवी पेटी घेतली तर तिच्यात पालिताण्याचे सूर असण्याची शक्यता मोठी.

म्हणजे जिला आपण अस्सल म्हणतो ती जुनी पेटीसुद्धा बहुतेक वेळा अर्धी कलकत्त्याची किंवा मुंबईची आणि अर्धी पॅरिसची आहे. दादरच्या ‘हरिभाऊ विश्वनाथ’ या १९२५ पासूनच्या पेढीसारख्या घरांनी केलेली पेटी घ्या, तिचं सागवान, तिचा भाता, तिच्या पट्ट्यांचा तोल, सगळं इथल्या हातांचं. म्हणून अस्सल आणि नक्कल यांची तुलना करताना गोष्ट येऊन थांबते ती पितळेच्या त्या जिभेपाशी.

त्या जिभेत नेमका काय फरक असतो? लोक सर्वांत आधी धातूचं नाव घेतात. ‘तेव्हाचं पितळ वेगळं होतं’, ‘पितळ मुरलं आहे’. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्याचं प्रमाण आजही हवं तसं ठेवता येतं. ते लाटून, ठोकून कडक करता येतं, आणि जिभेला लागणारा चिवटपणा या कडक करण्यातून येतो. वर्षानुवर्षं पडून राहिल्यानं पितळ अधिक गोड होत नाही. उलट लाखो-करोडो हेलकाव्यांनी जीभ थकते, रिबिटापाशी बारीक चीर जाते, सूर उतरायला लागतो आणि एक दिवस ती तुटते. मुरण्याच्या कल्पनेत खरा भाग एवढाच : नव्यानं खरवडलेल्या जिभेत ताण शिल्लक असतो, तो पहिल्या काही महिन्यांत सैल होतो, त्यामुळे नवी पेटी लवकर बेसूर होते. जुन्या सुरांचा हा काळ केव्हाच संपलेला असतो. पण नव्या पेटीलाही चार-सहा महिन्यांनी पुन्हा जुळवलं की ती त्या टप्प्याच्या पुढे जाते. आपल्याकडे हे दुसरं जुळवणं कोणी करून घेत नाही, आणि नव्या पेटीची बदनामी इथूनच सुरू होते.

खरा फरक जीभ आणि खाच यांच्यामधल्या फटीत आहे. जीभ खाचेतून आत-बाहेर जाते, तिला घासायचं नाही, पण फट जितकी कमी ठेवाल तितकी हवा वाया कमी जाते आणि सूर तितका सरळ, भरीव बोलतो. चांगल्या सुरात ही फट माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. फट मोठी राहिली की सुराच्या आधी फुस्स असा हवेचा आवाज येतो आणि भाता सारखा हलवावा लागतो. युरोपातल्या कारखान्यांत खाचा यंत्रावर कापल्या जात, त्यामुळे कडा एकसारख्या. हातानं कानस मारून केलेल्या खाचेत हेच साधायला कारागिराची नजर लागते आणि वेळ लागतो.

दुसरी गोष्ट जिभेचा वाक. मोकळं टोक पट्टीच्या किंचित वर उचललेलं ठेवतात. फार वर असलं तर सूर उशिरा बोलतो आणि जास्त हवा मागतो. फार खाली असलं तर जोरानं भाता मारला की गुदमरतो. मधला नेमका वाक प्रत्येक सुराला वेगळा असतो, आणि तो हातानं, ऐकत ऐकत द्यावा लागतो. एका पेटीत तीन ओळी म्हटल्या तर शंभराच्या वर जिभा होतात. प्रत्येकीला पाच मिनिटं दिली तर एका पेटीचं एवढंच काम एक पूर्ण दिवस खातं. दोन मिनिटांत उरकलं तर पेटी वाजते, पण बोलत नाही.

सर्वांत कठीण परीक्षा खर्जाची. पेटीत सुरांच्या ओळींना खर्ज, नर, मादी म्हणतात. खर्जाच्या खालच्या सुरांची कंपनं सेकंदाला सत्तरच्या आसपास उतरतात. तिथे जीभ नुसती लांब करत गेलं तर ती पेटीत मावणार नाही, म्हणून मोकळ्या टोकाशी पितळ जाड ठेवतात. स्वस्त कामात टोकाला डाख देऊन वजन वाढवतात. जड टोकाची जीभ हलायला वेळ घेते. गाणारा ‘सा’ लावून पुढे गेलेला असतो आणि खर्ज मागून येतो. जुन्या चांगल्या पॅरिस सुरांचं खरं वैभव इथे दिसतं : जाडी हळूहळू, एकसारखी वाढवलेली असते, वाक नेमका असतो, आणि अगदी मंद भात्यावरही खर्ज नराबरोबरच उठतो. काकडा चालू असतो, पहाटेची वेळ, बुवांचा आवाज अजून तापलेला नाही, त्यांना खाली टेकायला सूर हवा असतो. तेव्हा हा खर्ज किती मोलाचा असतो ते साथ करणाऱ्यालाच कळतं. जालन्याकडचे अप्पा जळगावकर, गोविंदराव पटवर्धन, बोरीचे तुळशीदास बोरकर या वादकांची साथ ध्यान देऊन ऐकली की गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर उठणारा आणि मिटणारा सूर काय असतो ते लक्षात येतं. त्यासाठी जीभ लगेच बोलणारी हवी.

म्हणजे बुवांचं म्हणणं अर्धं मान्य करावं लागतं. पण उरलेल्या अर्ध्याकडे वळताना एक मोठी अडचण उभी राहते : जिला आपण अस्सल म्हणतो ती पेटी आज अस्सल उरली आहे का?

फ्रान्सनं १८५९ साली कायद्यानं सुराचं माप ठरवलं होतं : मधल्या सप्तकातला पांढरी सहाचा सूर सेकंदाला ४३५ कंपनांचा. विसाव्या शतकात ते माप ४४० झालं. १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ते सुचवलं गेलं आणि पुढे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून आलं. आज तबला, बासरी, इलेक्ट्रॉनिक तानपुरा, कीबोर्ड, सगळं ४४० ला. फ्रेंच मापाला केलेली जुनी पेटी या सगळ्यांपेक्षा उतरलेली. फरक पाचच कंपनांचा, पण अर्ध्या सुराचा जवळपास पाचवा हिस्सा भरतो, आणि कानाला तो बोचतो. मग काय केलं गेलं? प्रत्येक जिभेचं टोक खरवडून सूर चढवला गेला. शंभर जिभा, शंभर खरवडी. त्यानंतर एखाद्या मालकाला गंधार तीव्र वाटला म्हणून कोणी तो थोडा उतरवला, पुढच्या मालकानं परत चढवला. पियानोसारख्या समान विभागणीतला पेटीचा गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, एक अर्धा सूर म्हणजे १०० सेंट. त्यामुळे चांगल्या कानाच्या माणसाला गंधारावर हात फिरवल्याशिवाय राहवत नाही. दर वेळी पितळ कमी होतं. कारखान्यातून निघालेली मूळ जाडी, तो मोजून ठेवलेला उतार, यातलं काही जागेवर राहत नाही. शंभर वर्षांच्या पेटीचा आजचा गोडवा पॅरिसच्या कारखान्याचा जितका, तितकाच तिला जुळवत आलेल्या आपल्या इथल्या अनाम कारागिरांचा आहे. आणि पेटी बिघडली असेल तर तेही याच हातांनी.

समान विभागणीचा हा दोष पेटीला फार महागात पडला होता. याच आक्षेपावरून, आणि पेटीत मींड निघत नाही म्हणून, १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीला बंदी घातली, ती १९७०च्या दशकात सैल होत गेली. मग प्रतिकृती करताना हा दोषही जपायचा का? डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केली तेव्हा त्यांनी जुन्या पेटीची नक्कल केली नाही, तिची उणीव धरून काम केलं. मला हा मार्ग जुन्याच्या हुबेहूब नकलेपेक्षा धाडसाचा वाटतो.

अस्सल की नक्कल, हाच वाद दुसऱ्या एका वाद्याभोवती जगभर चालतो. आपल्या ऑर्केस्ट्रामधली चार तारांची बास गिटार. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ ती वाजवत. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ आणि १९६० मध्ये ‘जॅझ बास’ काढली. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या मोठ्या कंपनीनं फेंडर १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली, आणि त्यानंतरच्या मालाचा दर्जा घसरला अशी वादकांची पक्की समजूत झाली. ‘सीबीएसच्या आधीची’ हे शब्द तिकडे आपल्या ‘पॅरिस रीड’सारखे उच्चारले जातात. मग जपानी कारखान्यांनी जुन्या फेंडरच्या नकला इतक्या बारकाईनं करायला घेतल्या की १९८२ मध्ये फेंडरनं स्वतःच जपानी भागीदारांबरोबर ‘फेंडर जपान’ उभी केली आणि त्याच वर्षी अमेरिकेतही आपल्याच जुन्या गिटारींच्या प्रतिकृती काढल्या. आज गंमत अशी की १९८२च्या सुमाराच्या त्या जपानी नकला, ‘स्क्वायर’ नावाच्या, संग्राहक शोधत फिरतात. नक्कल जुनी झाली आणि तिलाच अस्सलाचा मान मिळाला.

बास गिटारीत फरक कुठे असतो हे पाहिलं तर पेटीचीच गोष्ट पुन्हा समोर येते. तारेखालच्या चुंबकांभोवती तांब्याची बारीक तार हजारो वेढे देऊन गुंडाळलेली असते. जुन्या काळी ती माणसाच्या हातानं धरून गुंडाळली जाई, त्यामुळे १९६२च्या दोन गिटारींचे वेढेही सारखे नाहीत. म्हणजे १९६२चा असा एकच आवाज कधी नव्हता, मग नक्कल नेमकी कोणाची करायची? काही सामान आता मिळतच नाही. जुन्या गिटारींच्या पट्टीला ब्राझीलचं रोजवुड वापरत, त्याच्या व्यापारावर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय करारानं कडक बंदी आहे. पण तसंच सामान मिळालं तरी भागत नाही. बासवादक जेम्स जेमरसनचं उदाहरण घ्या. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या कितीतरी गाण्यांत त्याची १९६२ची प्रिसिजन बास आहे. तो तार तुटल्याखेरीज बदलत नसे आणि उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवे. तशीच गिटार आणून, नव्या चकचकीत तारा चढवून त्याचा आवाज काढू म्हणणाऱ्याची निराशाच होते.

जुन्या-नव्याच्या या वादावर कोणी नीट प्रयोग केला आहे का? केला आहे, व्हायोलिनवर. फ्रान्सच्या संशोधक क्लॉडिया फ्रिट्झ आणि अमेरिकेतले व्हायोलिन कारागीर जोसेफ कर्टिन यांनी २०१० मध्ये इंडियानापोलिसला २१ वादकांना सहा व्हायोलिन वाजवायला दिले. तीन जुने, इटलीच्या नावाजलेल्या जुन्या कारागिरांचे, दोन स्त्रादिव्हारीचे आणि एक ग्वार्नेरीचा, आणि तीन नवे. खोलीत अंधार, वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे, हनुवटी टेकायच्या जागी अत्तराचा थेंब, म्हणजे जुन्या लाकडाच्या वासानंही ओळख पटू नये. घरी कोणता न्याल असं विचारल्यावर १३ जणांनी नवा निवडला, ८ जणांनी जुना. सर्वांत नापसंत ठरलेला व्हायोलिन स्त्रादिव्हारीचा निघाला. सहा व्हायोलिन आणि हॉटेलची खोली यावर निवाडा करू नका, असा आक्षेप आला. मग २०१२ मध्ये पॅरिसजवळ १० नामवंत एकलवादक, १२ व्हायोलिन, खोलीबरोबर सभागृहातही, असा मोठा प्रयोग झाला. तिथेही १० पैकी ६ जणांनी नव्याला पसंती दिली.

यावरून जुनी वाद्यं वाईट असा अर्थ काढू नये. डोळे मिटल्यावर चांगलं नवं आणि चांगलं जुनं यांतला फरक सांगता येत नाही, एवढंच ते प्रयोग सांगतात. ‘चांगलं नवं’ यातला ‘चांगलं’ हा शब्द महत्त्वाचा. ते नवे व्हायोलिन घाऊक मालातले नव्हते, नाणावलेल्या कारागिरांनी सवडीनं केलेले होते.

आणि चांगलं जुनं म्हणतो तेव्हा आपण नकळत निवडलेला माल पाहत असतो. १९१० साली आलेल्या पेट्यांत सामान्य पेट्याही भरपूर असणार. त्यांच्या भात्याचं कातडं उंदरांनी खाल्लं, फळी चिरली, आणि सूर बरे नव्हते म्हणून दुरुस्तीवर कोणी पैसा घातला नाही. त्या मोडीत गेल्या. जी गोड होती तिच्यावर एकेका पिढीनं खर्च केला, ती उरली. आज उरलेल्या उत्तम जुन्या पेट्यांची तुलना आपण बाजारातल्या सरासरी नव्या पेटीशी करतो आणि काळ वाईट आला म्हणतो. पालिताण्याच्या कारागिराला नगावर मिळणारी मजुरी आणि दुकानदाराला हवा असलेला भाव यांत जिभेवर द्यायचा वेळ कापला जातो. त्याच माणसाला वेळेचे पैसे देऊन निवडक सूर करायला सांगितले, तर तो पॅरिसच्या तोडीचं काम देतो. पुण्या-मुंबईतले जाणते पेटीवाले तसे सूर वेगळे काढून घेतात आणि वादक त्यांचे वेगळे पैसे मोजतात. पॅरिसचं ते कारखान्यातलं ज्ञान आज पॅरिसमध्येही रोजच्या धंद्यात जिवंत नाही. ते जिथे चालू आहे ते आपल्याच देशात, आणि त्याची कदर करायची तर जुन्या शिक्क्यामागे धावण्यापेक्षा या कामाला पुरेसा मोबदला देणं जास्त गरजेचं आहे, असं मला फार मनापासून वाटतं.

शिक्क्यावर तर मुळीच जाऊ नये. पितळेच्या पट्टीवर अक्षरं उठवणं अवघड नाही. पेटी पारखायची तर कानानं आणि हातानं. एकही पट्टी न दाबता भाता पूर्ण भरून सोडावा, तो किती वेळ तग धरतो ते पाहावं. लगेच बसला तर हवा गळते आहे, मग आत सोन्याचे सूर असले तरी उपयोग नाही. आपल्या लातूर-नांदेडच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, हवा कोरडी पडते, लाकूड आक्रसतं. थंड, दमट युरोपात पूर्ण बांधून आलेल्या जुन्या पेट्यांच्या अंगाला इथे चिरा जातात. या बाबतीत इथल्या वाळलेल्या सागवानाची नवी पेटी सरस ठरते. मग भाता अगदी हलका ठेवून खर्जाचा सर्वांत खालचा सूर दाबावा आणि तो पट्टीबरोबर उठतो की मागून येतो ते ऐकावं. तोच सूर दाबून ठेवून भाता हळू, मग जोरात मारावा. सूर वर-खाली डळमळला तर वाक नीट नाही. खर्ज आणि नर एकदम लावले तर दोन्ही मिळून एक सूर ऐकू यायला हवा. आवाज लाटेसारखा कमी-जास्त होत असेल तर जुळणी कच्ची आहे. वारकरी भजन काळी चार, काळी पाचच्या चढ्या पट्टीत चालतं, तेव्हा त्याच पट्टीत वरच्या सप्तकातले सूरही तपासावेत. तिथे जिभा इवल्याशा असतात आणि हवेच्या फटीचा दोष सर्वांत आधी तिथे कळतो. शक्य असेल तर मंडळातल्या एकानं पाठ फिरवून बसावं, दुसऱ्यानं दोन-तीन पेट्या आळीपाळीनं वाजवाव्यात, आणि कोणती जुनी, कोणती नवी हे न सांगता निवड करावी.

घरात किंवा मंदिरात खरोखरच जुनी पॅरिस सुरांची पेटी असेल तर ती विकून नवी घ्यायची घाई करू नये. एखादी जीभ तुटली म्हणून सगळी ओळ बदलू नये. तेवढ्या एका जागी पालिताण्याची नवी जीभ बसवून, तिचा वाक आणि आवाजाची जात शेजारच्या सुरांशी जुळवणारा माणूस गाठावा. शेजारच्या जुन्या जिभा खरवडून नवीशी जुळवून घेणं सोपं असतं, पण ते करू देऊ नये. नवीला जुन्यांकडे आणावं. पुन्हा पट्टी बदलायची हौस आली तर सूर खरवडण्यापेक्षा गाणाऱ्यांनी एक पट्टी खाली-वर घेणं बरं. आणि नवी घ्यायची ठरली तर किमतीतच चार-सहा महिन्यांनंतरच्या दुसऱ्या जुळवणीचे पैसे धरावेत, दुकानदाराकडून तसं लिहून घ्यावं, आणि तोवर ती पेटी रोज वाजती ठेवावी.